छोट्या वर्कशॉपला थ्रीडी प्रिंटरचा खरंच उपयोग होतो का?

आमचं युनिट जॉबवर्कचं. पन्नास-शंभर नगांचे लॉट, ज्यांना मोठे कारखाने हात लावत नाहीत, ते आमच्याकडे येतात. अशा कामात यंत्र चालतं थोडा वेळ आणि सेटिंगच जास्त खातं. त्यात प्रत्येक नव्या जॉबला नवं फिक्स्चर, म्हणजे काम करताना नग जागेवर धरून ठेवणारा साचा, लागतं. ते धातूत करून घेतलं की त्याचा सगळा खर्च त्या पन्नास नगांच्या डोक्यावर बसतो, आणि आमचं कोटेशन तिथंच बाद होतं. टेबलावर मावणारा, फिलामेंटचा (म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचणारा) थ्रीडी प्रिंटर घेतला तो यासाठी. विकायच्या वस्तू छापायला नव्हे. (विक्रेते डेमोत फुलदाणीच का छापून दाखवतात, कोण जाणे.) कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातली यंत्रं बऱ्यापैकी सारखी असतात आणि मी लिहितोय त्यातलं बहुतेक सगळ्यांना लागू आहे.

हे तंत्र काही नवं नाही. ते शोधणारे अमेरिकी अभियंते स्कॉट क्रम्प यांचं मूळ पेटंट १९८९ चं, पण ते २००९ मध्ये संपेपर्यंत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं यंत्र जवळपास नव्हतंच. तिकडे इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला आणि यंत्राची ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुली ठेवली. त्यातूनच स्वस्त प्रिंटरांची रांग लागली.

आता काम. एका वाकड्या कास्टिंगला (ओतीव धातूच्या नगाला) तिरकं भोक पाडायचं होतं. वक्र पृष्ठभागावर ड्रिल घसरतो, म्हणून जिग, म्हणजे ड्रिलला नेमकी वाट दाखवणारा साचा, लागणारच. कास्टिंगच्या कॅड मॉडेलवरूनच (संगणकावरच्या त्रिमितीय चित्रावरूनच) जिगची आतली बाजू काढली, त्यामुळे ती जॉबवर टोपीसारखी चपखल बसली. भोकाच्या जागी कडक पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवला. ड्रिल टेकतो तो बुशला, प्लॅस्टिकला नाही. संध्याकाळी छपाई लावली, दुसऱ्या दिवशी जिग ड्रिलवर होती. पहिल्या जिगमध्ये चिप्स (धातूचा कीस) अडकत होत्या, तर खालून खिडकी ठेवून दुसरी छापली. धातूत असती तर ‘चालवून घ्या’ म्हणालो असतो. माझ्या मते यंत्राची खरी किंमत इथंच वसूल होते: दुरुस्ती स्वस्त झाली की माणसं दुरुस्ती सुचवायला लागतात. ड्रिलवरचे काका सुरुवातीला याला खेळणं म्हणायचे. आता तेच कागदावर रेघोट्या मारून आणतात, इथं बोटाला जागा ठेवा, इथं कड मोडा.

असेंब्लीतही तेच. एक ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखं दिसायचं आणि उलटं लागायचं. बसवायच्या साच्यात एका कोपऱ्यात खुंटी दिली, उलटा नग आत जातच नाही. जपानी उद्योगात अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात रुजवलेलं पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, ते हेच. कल्पना जुनी आहे, फक्त आता ती करून बघायला टूलरूमची परवानगी लागत नाही.

तक्रारी बऱ्याच आहेत. पीएलए हे प्लॅस्टिक छापायला सगळ्यात सोपं, पण साधारण ६० अंशांना मऊ पडतं. गिऱ्हाइकाला पाठवलेलं आमचं एक गेज (माप तपासायचं साधन) उन्हात बंद गाडीत राहिलं आणि वाकून पोचलं. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक ८० अंशांच्या आसपास टिकतं, म्हणून जिगला तेच वापरतो. ०.४ मिलिमीटरच्या नॉझलमधून (प्लॅस्टिक बाहेर येणाऱ्या तोंडातून) निघालेल्या वस्तूकडून शंभरावा भाग मिलिमीटर मागू नका. भोकं हमखास लहान येतात, ती रीमरने, म्हणजे भोक मापाला आणायच्या हत्याराने, काढायची. थर एकावर एक रचलेले असल्याने ओढ थरांना एकमेकांपासून सोडवणाऱ्या दिशेने आली की वस्तू तिथूनच उकलते. कुठली बाजू खाली ठेवून छापायचं, हे ठरवण्यात निम्मं कसब आहे. साध्या स्क्रूचे आटे प्लॅस्टिकमध्ये लवकर जातात, तिथं सोल्डरिंग गनने तापवून आतून आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवावेत. आणि वेग? थराची जाडी निम्मी केली की वेळ जवळजवळ दुप्पट होतो. घाई असेल तर लाकडाचा ठोकळा आणि फाइल अजूनही पुढे आहेत.

जाहिरातीत एक गोष्ट कधीच नसते: यंत्र चित्र काढत नाही. रोज कॅडवर बसणारं कुणी नसेल, तर हा प्रिंटर काही आठवड्यांत कपड्याखाली झाकला जातो. तसे झाकलेले मी पाहिलेत. सॉफ्टवेअरची अडचण नाही, फ्रीकॅड फुकट आहे. अडचण आहे ती दुपारचे दोन तास एका चांगल्या मुलाला उत्पादनातून मोकळं सोडायची. आमच्याकडे त्यावरून भागीदारांत चांगलंच वाजलं होतं.

एकच जॉब वर्षानुवर्षं हजारोंनी काढत असाल, तर घेऊ नका. पक्कं पोलादी फिक्स्चरच स्वस्त पडेल. ड्रॉइंग सारखी बदलत असतील तर जरूर घ्या. मात्र बंदिस्त कक्ष, गरम होणारा बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो) आणि सुटे भाग सहज मिळतात का, एवढं आधी बघा. सुरुवातीला पीएलए आणि पीईटीजीची एकेक रीळ पुरे. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि छापताना फसफसतं, त्यामुळे रीळ वाळवायची सोय होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.