पहिली वेलांटी आणि छोटा प्लेअर : आठ महिन्यांनंतर

गाणी ऐकायचा माझा छोटा प्लेअर गोठला म्हणून लिहायला बसले, नाहीतर आठ महिने गपगुमान वापरतच होते. चालू केला की लायब्ररी अपडेटची, म्हणजे कार्डावरच्या गाण्यांची यादी बनवायची, पट्टी सरकायची, अर्ध्यात थांबायची, आणि मग कुठलंही बटण दाबा, ढिम्म. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं दोन मिनिटं उलटापालटा करून पाहिला आणि निदान केलं, “मॅडम, मदरबोर्ड गेलाय.” बोर्ड बदलायला जो खर्च सांगितला त्यात जवळजवळ नवा प्लेअर आला असता. वर “हल्ली सगळे फोनवरच ऐकतात” हा सल्ला फुकट. बाहेर पडताना दारातच सुचलं म्हणून मेमरी कार्ड काढलं, तर प्लेअर लगेच सुरू! परत आत जाऊन दाखवला. “मग कार्ड गेलं असेल,” म्हणाला. मदरबोर्डाबद्दल अवाक्षर नाही.

कार्ड कॉम्प्युटरवर ठणठणीत चालत होतं. म्हणजे दोष आतल्या कुठल्यातरी फाइलचा. ती फाइल अशी कशी झाली हे सांगायचं तर वेलांटीपासून सुरुवात करावी लागेल.

गाण्यांची आणि फोल्डरची नावं मी देवनागरीत ठेवते. पहिल्या दिवशी गाण्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती फाइलमध्येच लिहिलेली असते, तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. माझे टॅग २.४ आवृत्तीचे, यूटीएफ-८ या पद्धतीनं अक्षरं साठवणारे, या प्लेअरला २.३ मधली यूटीएफ-१६ ही पद्धत लागते. हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. टॅग बदलले, अक्षरं आली, पण काय आली! ‘निवांत’ची वेलांटी ‘न’ला सोडून ‘व’ला जाऊन चिकटलेली. ‘रात्र’चं ‘रात्‌र’. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, दाखवताना ती अलीकडे आणावी लागते. ते करणारा भागच याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, नाही. अक्षरं आली तशी रांगेत उभी करून हा मोकळा. गाणं ऐकायचंय की वाचायचंय, असं घरातल्या प्रत्येकानं विचारून झालं. मला दोन्ही करायचंय. पहिल्या दोन महिन्यांत कोणी मत विचारलं असतं, तर घेऊ नका म्हणून सांगितलं असतं, आणि कारण एवढंच.

मग मत बदललं, तेही बटणांमुळे. खिशात हात घालून अंगठ्यानं चाचपडलं की पुढचं गाणं, मागचं गाणं, आवाज कमी-जास्त, सगळं न बघता जमतं. ‘पुढे’च्या बटणावर मोहरीएवढा उंचवटा आहे, अंगठा आपोआप तिथेच जातो. होल्डचं बटण सरकवलं की खिशात दाबादाबी होत नाही. फोनवर गाणं लावलं की मध्येच कोणाचा तरी फोन येतो, नाहीतर मेसेज बघायला जावं आणि अर्धा तास गेलेला असतो. ॲपलनं २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. या काळात नुसता प्लेअर घेतला म्हणून माझी थट्टा झाली. होऊ दे.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. माझ्या साध्या इअरफोनवर मला ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिटची) एमपीथ्री आणि आवाजातलं काहीच न गाळणारी, पण मोठी फ्लॅक फाइल यातला फरक कळत नाही. कळत नाही तर जागा का अडवा? ३२० ला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सव्वादोनशे तासांच्या आसपास गाणी. मोठं कार्ड घ्यायची वेळ आलेली नाही. बॅटरी खोक्यावर लिहिलीय तेवढी कधीच चालली नाही, पण आठवड्यातून दोनदा चार्जिंग मला पुरतं. ब्लूटूथ आहे, तुटतं, वापरत नाही.

तर ती फाइल. कार्डावर अठराशेच्या आसपास गाणी. अर्धी काढायची, प्लेअर चालू करून बघायचा, गोठला तर उरलेल्यातली अर्धी काढायची, नाही गोठला तर काढलेल्यांतली अर्धी तपासायची. आठव्या खेपेला सात गाणी उरली, सातही एकाच अल्बमची. टॅग बदलायला जो प्रोग्राम घेतला होता, त्यानं न विचारता या अल्बमला मुखपृष्ठ जोडून ठेवलं होतं : ३००० बाय ३००० पिक्सेल. फाइलमध्ये ते एखाद-दोन एमबीचं दिसतं, पण उलगडलं की २७ एमबी मेमरी मागतं. या इवल्याशा जिवाला ते झेपेना. चित्र ३०० पिक्सेलचं केलं, प्लेअर सुरळीत.

म्हणजे ही भानगड वेलांटीच्या नादात मीच ओढवून घेतली होती. तरी कंपनीला सोडणार नाही. चित्र झेपत नसेल तर ते वगळून पुढं जावं, अख्खा प्लेअर गोठवायचं काय कारण? आणि फर्मवेअरचं अपडेट आलं ते ब्लूटूथसाठी. वेलांटी आहे तिथेच.

आता टॅगच्या वाटेला जात नाही, फोल्डर उघडून ऐकते. फोल्डरना नावं देताना पहिली वेलांटी नको आणि जोडाक्षर नको, एवढं पाळते. ‘निवांत’चं ‘शांत’ केलं. ‘शास्त्रीय’चं ‘राग’, ‘प्रवास’चं ‘वाट’. ‘भक्तिगीतं’ला अजून काही सुचलेलं नाही.