जुन्या गाडीतील अर्थच्या वायरी बदलल्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वीस वर्षांहून अधिक वय असलेल्या माझ्या पेट्रोल गाडीतील अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या, सगळ्या मुख्य वायरी मी बदलल्या, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. या काळात थंडीतील सकाळी, सततचा पाऊस आणि एसी, पंखा व हेडलाइट एकाच वेळी चालू ठेवून कोंडीत थांबणे, असे सगळे प्रसंग येऊन गेल्यामुळे या कामाबद्दल आता काही ठामपणे लिहिता येईल. कामाचा फायदा निश्चित झाला, परंतु तो वायर जाड केल्यामुळे फारच थोडा आणि जोड स्वच्छ केल्यामुळे बहुतांश झाला, असे मोजमापांवरून दिसते. या कामासाठी मिळणाऱ्या रंगीबेरंगी तयार संचांच्या वेष्टनावर जे दावे छापलेले असतात, त्यांतील मोठे दावे तर मला कुठेच आढळले नाहीत.

गाडीची लक्षणे अशी होती: बॅटरी नवी असूनही स्टार्टर जड फिरत असे, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मंदावत, आणि हेडलाइट लावताच तापमानाच्या मीटरचा काटा जागचा किंचित हलत असे. या तिसऱ्या लक्षणामुळेच मला अर्थचा संशय आला. जुन्या गाड्यांमध्ये तापमानाच्या सेन्सरला बहुधा एकच वायर असते आणि त्याचा अर्थ इंजिनच्या धातूतून जातो, तर मीटरचा अर्थ बॉडीवर असतो. इंजिन आणि बॉडी यांच्यात व्होल्टेजचा फरक पडला, की पाण्याचे तापमान तेच असूनही काटा सरकतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्यामुळे ते बॉडीपासून विद्युतदृष्ट्या जवळजवळ वेगळेच असते. त्यामुळे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत एक आणि बॉडीपर्यंत एक, अशा दोन वायरींवर सगळ्या परतीच्या प्रवाहाचा भार असतो. काही गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली चपटी पट्टीही असते. हा मार्ग बिघडला तर वीज दुसरी वाट शोधते आणि ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून परतू लागते, ज्यामुळे त्या केबल तापून खराब झाल्याची उदाहरणे जुन्या मेकॅनिकांना चांगली ठाऊक असतात.

हा दोष शोधताना मल्टीमीटर ओहमवर लावून तपासण्याची पद्धत निरुपयोगी आहे. साधा मल्टीमीटर ०.१ ओहमपेक्षा कमी रोध नीट दाखवू शकत नाही, आणि स्टार्टरच्या मार्गात ०.१ ओहम हा प्रचंड रोध असतो. वायरीच्या बहुतेक तारा तुटून एकच शिल्लक राहिली असली, तरीही असा मीटर शून्याच्या आसपासच आकडा दाखवतो. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवावे व दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टर मारायला सांगावे. या वेळी ०.२ व्होल्टपर्यंतची घट चालून जाते. माझ्या गाडीत ती ०.६ व्होल्ट होती. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून बॉडीवर मोजले, तेव्हा ०.२८ व्होल्ट दिसले, जे ०.१ च्या आत असायला हवे होते.

यानंतर नवी वायर लावण्यापूर्वी मी जुन्याच वायरीची दोन्ही टोके घासून, स्वच्छ करून पुन्हा बसवली आणि पुन्हा मोजले. इंजिनकडची घट ०.६ वरून ०.२५ व्होल्टवर आली. उरलेली घट लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत होती, कारण कापून पाहिल्यावर तेथील तारांवर हिरवा गंज खोलवर चढलेला दिसला. नवी वायर, नवे लग आणि स्वच्छ पृष्ठभाग, असे सगळे झाल्यावर आकडा ०.१२ व्होल्टवर स्थिरावला. आता केवळ जाडीचा हिशोब पाहू. मूळ वायर १६ स्क्वेअर एमएम काटछेदाची आणि सुमारे अर्धा मीटर लांब होती. तांब्याची अशी वायर चांगल्या स्थितीत असेल, तर १५० अँपिअरला तिच्यात साधारण ०.०८ व्होल्ट पडतात, आणि २५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.०५. म्हणजे जाडी वाढवून मिळालेला लाभ व्होल्टच्या तीन शतांशांपुरता आहे. जाड वायर लावण्यास माझा विरोध नाही, मीही ती लावली. परंतु रंगावर आणि गंजावर आवळलेली जाड वायर ही नळ चोंदलेला असताना मोठी टाकी बसवण्यासारखी आहे.

वायर निवडताना ती शुद्ध तांब्याची, बारीक अनेक तारांची आणि शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली असावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी दिसायला तशाच असतात, पण त्यांची वाहकता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच भरते. टोक खरवडल्यावर आतील पांढरा धातू दिसतो आणि हातात घेतल्यावर वायर हलकी लागते. लग दाबण्यासाठी षटकोनी दाब देणारे क्रिंपिंगचे अवजार वापरले. लगमध्ये डाक (सोल्डर) ओतण्याचा मोह टाळावा, कारण डाक तारांमध्ये वर चढून तेथील वायर कडक करते आणि इंजिनच्या कंपनाने ती नेमकी त्याच जागी तुटते. लगवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली.

बॉडीवरच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासल्या, लग सरळ धातूवर बसवून त्यावर दातेरी वॉशर ठेवला, बोल्ट आवळला आणि त्यानंतरच संपूर्ण जोडावर पेट्रोलियम जेली लावली. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडावा आणि शेवटी तोच सर्वांत शेवटी जोडावा, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

रोजच्या वापरातील फरक असा: स्टार्टर आता झटकन फिरतो आणि थंडीच्या सकाळीही तो रेंगाळला नाही. तापमानाच्या मीटरचा काटा हेडलाइटमुळे हलणे पूर्ण थांबले. पंखा सुरू होताना दिवे अजूनही किंचित मंदावतात, पण ते मुद्दाम पाहिले तरच कळते. इंजिन चालू असताना हेडलाइटच्या बल्बवर पूर्वी १२.४ व्होल्ट पोहोचत होते, ते १२.९ झाले. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्ध्या व्होल्टने सुमारे १४ टक्के प्रकाश वाढतो. रात्रीच्या रस्त्यावर हा फरक जाणवतो, मात्र थक्क करण्याइतका तो नाही.

मायलेज वाढले नाही. ताकद वाढली नाही. ज्यांना असे अनुभव आले असतील, त्यांच्या गाडीत इंजिनचा अर्थ इतका खराब झालेला असावा की सेन्सरचे संकेतच बिघडले असतील. तसे असेल तर दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ववत झाले असे म्हणता येईल, सुधारले असे नव्हे. सेन्सरच्या अर्थच्या बारीक वायरींना मी हातही लावला नाही, कारण त्या मुद्दाम ईसीयूकडे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडे) वेगळ्या नेलेल्या असतात आणि त्या बॉडीवर जोडल्यास नसता गोंधळ होतो. ज्यांच्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर प्रवाह मोजणारा सेन्सर आहे, त्यांनी नवी वायर थेट खुंटावर न लावता सेन्सरच्या पलीकडे, गाडीच्या बॉडीच्या बाजूस लावावी, नाहीतर तिच्यातून जाणारा प्रवाह मोजलाच जात नाही.

अलीकडे सर्व जागा पुन्हा मोजल्या. इंजिनकडे ०.१३ आणि बॉडीकडे ०.०४ व्होल्ट, म्हणजे दोन्ही जवळपास तसेच आहेत. केवळ हेडलाइटजवळचा, चाकाचे पाणी उडते तेथील जोड ०.०६ वरून ०.१२ व्होल्टवर गेला होता. तो स्वच्छ करून बोल्ट वरच्या कोरड्या जागी हलवला आहे. हेडलाइटच्या पॉझिटिव्ह बाजूला मात्र स्विच आणि जुन्या वायरींमध्ये अजूनही १.२ व्होल्ट पडतात. ते अर्थच्या कामाने कमी होणार नव्हतेच. त्यासाठी बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी वायर आणि दोन रिले (कमी प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विद्युत स्विच) बसवण्याचे काम आता हाती घेतले आहे.