त्रोदोसच्या घाटांवर ४६/३० क्रँक आणि ११-३४ कॅसेट : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. सायप्रसच्या त्रोदोस डोंगरात रोड बाइक चालवायची असेल तर हलकी चाकं, कार्बनचं हँडल वगैरे सगळं नंतर. पहिला पैसा छोट्या, म्हणजे चढाला हलक्या पडणाऱ्या गिअरवर घाला. मी गेल्या ऑक्टोबरपासून पुढे ४६/३० (पॅडलच्या क्रँकवर ४६ आणि ३० दात्यांची दोन चक्रं) आणि मागे ११-३४ (मागच्या चाकावर ११ ते ३४ दात्यांच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट) वापरते आहे आणि आता आधीच्या ५०/३४ कडे परत जायची अजिबात इच्छा नाही.

नोकरीनिमित्त लिमासोलला राहते. पुण्यात असताना कात्रज, सिंहगड, पानशेत हे नेहमीचे रस्ते. इथे आल्यावर एक गोष्ट लगेच सोपी झाली : ब्रिटिशांमुळे (१८७८ ते १९६०) सायप्रसमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. चौकात डोकं उलटं चालवावं लागत नाही. गाड्याही सायकलला बऱ्यापैकी जागा देतात.

पण रस्ते निवडायला शिकावं लागतं. लिमासोलहून वर जाणारा मुख्य रस्ता, बी-८, त्रिमिक्लिनीवरून त्रोदोसला जातो. चढ एकसारखा, रुंदी चांगली, आणि म्हणूनच पर्यटकांच्या बस, भाड्याच्या गाड्या, ट्रक सगळे तिथेच. ज्यांना शांतता हवी त्यांनी गावागावांना जोडणारे जुने रस्ते धरायचे. लोफू, वूनी, किलानी, पेरा पेदी ही वाइनची गावं, किंवा पूर्वेकडून गेरासा, लुवारास, झोओपिगी ही कोमांदारिया वाइनच्या पट्ट्यातली. या रस्त्यांवर अर्धा-अर्धा तास एकही गाडी दिसत नाही. कारण उघड आहे. हे रस्ते घाट आखून काढलेले नाहीत, दरीत उतरतात आणि पलीकडे सरळ वर चढतात. मधेच दोनशे-तीनशे मीटर १२ टक्के, कुठे त्याहून जास्त. गाड्या सोप्या चढाने जातात, उरलेला अवघड चढ सायकलवाल्यांना मोकळा मिळतो. म्हणजे इथे शांतता हवी असेल तर तीव्र चढाची तयारी ठेवावीच लागते, आणि ती तयारी म्हणजे गिअर.

आता आकडे. सायकल दुकानातून आली तेव्हा ५०/३४ आणि ११-३० होतं. ३२ मिमीच्या टायरवर ३४/३० मध्ये (पुढे ३४, मागे ३० दाते) पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या धरल्या तर ताशी १० किमी. मी, सायकल आणि पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या मिळून ७५ किलो. १२ टक्क्यांवर १० च्या वेगाने जायला अडीचशे वॉटच्या वर ताकद लागते. तेवढी मी दोन-चार मिनिटं देऊ शकते, सकाळभर नाही. मग फेऱ्या पन्नासवर येतात, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ यायला लागते आणि पाठ ताठ होते. ३०/३४ मध्ये एका फेरीला १.९ मीटर. त्याच ७० फेऱ्यांना ताशी ८ किमी, आणि ताकद दोनशे-सव्वादोनशे वॉटमध्ये भागते. कागदावर दोन किलोमीटरचा फरक. रस्त्यावर तो असा दिसतो की चढ संपल्यावर थांबून हँडलवर डोकं टेकावं लागत नाही, तशीच पुढच्या गावाकडे जाता येतं.

वरच्या टोकाला काय गमावलं? ४६/११ मध्ये ९० फेऱ्यांना ताशी ४८ किमी मिळतात. त्याहून वेगात उतरताना मी पॅडल मारतच नाही. लार्नाकाच्या दिशेने किनाऱ्यावरून पाठीवर वारा घेऊन गटात चालवताना मात्र ५० दात्यांच्या चक्राची उणीव जाणवते, ते खरं आहे.

एक सवय नव्याने लावावी लागली. ४६ वरून ३० वर उतरलं की १६ दात्यांची उडी असते. पाय एकदम रिकामे फिरतात आणि चढावर तेवढ्यात वेग मरतो. त्यामुळे डाव्या हाताने पुढचा गिअर पाडताना त्याच क्षणी उजव्या हाताने मागे दोन किंवा तीन दाबांनी छोट्या चक्रांकडे यायचं, आणि त्या अर्ध्या फेरीत पॅडलवरचा जोर सैल सोडायचा. वूनीकडे जाताना वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता अचानक भिंतीसारखा उभा राहतो. तिथे वळण दिसताच, चढ लागायच्या आधी, हे उरकून घ्यावं लागतं. एकदा हातात बसलं की चेन मऊ ‘टक्’ करून खाली येते आणि लय तुटत नाही.

बसवण्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. माझा क्रँक शिमानो जीआरएक्सचा, म्हणजे कच्च्या रस्त्यांच्या सायकलींसाठीच्या मालिकेतला आहे. त्याची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) रोड क्रँकपेक्षा अडीच मिमी बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भागही जीआरएक्सचाच लागतो. ज्या दुकानात काम केलं त्यांनी जुना रोड डिरेलर तसाच ठेवला, “चालून जाईल” म्हणाले. नाही चालला. ४६ वर चेन घासत राहायची आणि दोनदा आतल्या बाजूला पडून फ्रेमवर चरा पडला. दुसऱ्या मेकॅनिकने योग्य डिरेलर लावला, चेनची लांबी पुन्हा मोजली, तेव्हापासून एकदाही चेन पडलेली नाही. मागचा डिरेलर शिमानोच्या १०५ या रोड मालिकेतला, लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) आहे, तो ३४ दाते अधिकृतपणे घेतो. तुमच्याकडे आखूड पिंजरा असेल तर तो खर्चही धरा.

चढाइतकाच उतारही महत्त्वाचा. त्रोदोसचा चौक साधारण १७०० मीटरवर आहे, त्रोदोसच्या सर्वात उंच ऑलिंपस शिखराचं टोक १९५२ वर, आणि लिमासोल समुद्रकाठी. एवढं सगळं एका दमात उतरताना रेझिनचे ब्रेक पॅड फार लवकर झिजले, म्हणून मी धातूचे घातले. ओल्यात थोडे ओरडतात, पण लांब उतारावर पकड टिकते. ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा. हिवाळ्यातल्या बर्फानंतर वळणांवर बारीक खडी पसरलेली असते. उन्हाळाभर गुळगुळीत झालेलं डांबर शरद ऋतूतल्या पहिल्या पावसात इतकं निसरडं होतं की त्या दिवशी मी डोंगरात जातच नाही.

ऋतूचं बोलायचं तर मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बुधवारी आणि रविवारी शिकारी फिरत असतात, तेव्हा भडक रंगाचं जर्सी घाला. जून ते सप्टेंबर पहाटे पाचला निघून दहाच्या आत परत. अराकापासहून ओदू-मेलिनीकडे जाणाऱ्या भागात तर उन्हाळ्यात जाऊच नये असं माझं मत आहे. जुलै २०२१ च्या वणव्यात तिथलं जंगल जळालं आणि ओदूजवळ चार इजिप्शियन शेतमजुरांचा जीव गेला. बऱ्याच उतारांवर आता सावली नाही, आणि ताशी आठ किमीने चढताना ऊन फार वेळ अंगावर राहतं.

पाण्याची चिंता बहुतेक गावांत मिटते, चौकात किंवा चर्चजवळ नळ असतो. खायला मी खिशात सुचुकोस ठेवते : दोऱ्यात ओवलेले बदाम द्राक्षाच्या घट्ट रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. चिकट होत नाही, उन्हात वितळत नाही, सायकलवाल्यांच्या महागड्या एनर्जी जेलपेक्षा मला कितीतरी जास्त आवडतं. कॉफीच्या दुकानात बसलेली म्हातारी मंडळी “कोपिआस्ते” म्हणून हाक मारतात, या, आमच्याबरोबर बसा. बसावं. आग्रोस गावाच्या पलीकडे, डोंगराच्या उत्तर अंगाला लागुदेरा गाव आहे. तिथल्या पानायिया तू आराका चर्चमधली भित्तिचित्रं ११९२ ची आहेत, आणि १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या चित्रांकित चर्चांपैकी ते एक. जुन्या गिअरवर मी आग्रोसलाच वळून परतत असे. आता पलीकडे उतरून पुन्हा चढून येण्याची भीती वाटत नाही, म्हणूनच ते चर्च मला पाहता आलं.

झीज : चेन एकदा बदलली, कॅसेट अजून ठणठणीत. क्रँकच्या ३० च्या चक्राचे दाते थोडे टोकदार व्हायला लागलेत, कारण माझा निम्मा वेळ त्याच्यावरच जातो. सुटं चक्र मिळतं, पूर्ण क्रँक घ्यावा लागत नाही.

कुणी घेऊ नये? ज्यांचं चालवणं मुख्यतः किनाऱ्यावरच्या सपाट रस्त्यांवर आहे आणि जे बी-८ वरूनच वर जाणार आहेत, त्यांना ५०/३४ बरोबर नुसतं ११-३४ कॅसेट पुरेल, खर्चही बराच वाचेल. बाकीच्यांनी ऑर्डर देताना पुढच्या डिरेलरचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या.