बिल्डरने चार लाख कमी केले, पण तोंडी

हे लिहायला मला तीन वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, तिथं साधा बोल्ट जरी टेस्ट सर्टिफिकेटशिवाय आला तरी मी गेटवरून परत पाठवतो, आणि तोच मी आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार एका माणसाच्या शब्दावर केला. आता एक सहकारी फ्लॅट बघत फिरतोय आणि त्याला अगदी तेच गाजर दाखवतायत, म्हणून म्हणलं लिहूनच टाकू.

गोष्ट २०२० ची. आम्ही मोशीत भाड्यानं राहायचो. लॉकडाऊन उठला होता, पगार कापून का होईना येत होता, आणि पुण्यात फ्लॅटला गिऱ्हाईक नव्हतं. तसा नोटबंदीपासूनच बाजार थंड होता, त्यात कोरोनानं पार झोपवला. सेल्स ऑफिसमध्ये गेलं की आमच्याशिवाय कुणी नसायचं, पाण्याच्या बाटल्या काय, कॉफी काय, निघताना गाडीपर्यंत सोडायला यायचे. होम लोन सात टक्क्यांच्या आसपास आलेलं, आणि सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केलेली, म्हणजे आमच्याकडं सहाची तीन झाली होती. मनात आलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

आता माझा गंड सांगतो. आम्ही उदगीरकडचे. वडिलांबरोबर लहानपणी हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजाराला जायचो, तिथं रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो, आणि आमच्या बाबांचा हात कुणी धरायचं नाही. त्यामुळं आपल्याला घासाघीस रक्तातच आहे असं मला वाटायचं. नऊ साइट बघितल्या, सेलेबलच्या (जिना, लॉबी सगळं धरून फुगवलेल्या एरियाच्या) रेटवर बोलायचंच नाही, कार्पेटवरच (भिंतींच्या आत वापरता येतं तेवढ्यावरच) बोलायचं हे शिकलो (९०० स्क्वेअर फूट म्हणतात, हातात येतो ६४०), महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टमध्ये किती फ्लॅट बुक झालेत ते बघून "शेवटचे दोनच राहिलेत सर" म्हणणाऱ्याला तिथंच गप्प केलं. एवढं सगळं मला कळत होतं.

जिथं अडकलो तिथं टू बीएचके, कार्पेट ६४०, पार्किंग, इन्फ्रा, क्लब हाऊस सगळं धरून ५१ लाख २० हजार सांगितले, टॅक्स वेगळा. मी ४४ म्हणालो. मॅनेजर हसला, "सर, एवढ्यात तर सिमेंट पण येत नाही." मग नेहमीचा खेळ, तो आतल्या केबिनमध्ये जायचा, पंधरा मिनिटांनी घाम पुसत बाहेर यायचा, "सर, मालकांशी भांडून आलो तुमच्यासाठी." तीन रविवार असं चाललं. शेवटी ४८ लाख ४० हजारावर येऊन अडला. मी बायकोला म्हणलं उठ, आणि खरंच उठलो, चपला घातल्या. तेव्हा तो मागून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, कागदावर याच्या खाली जाताच येत नाही, पण चार लाख मी तुम्हाला परत देतो."

म्हणजे कसं? म्हणाला, ॲग्रीमेंट ४८ लाख ४० हजाराचंच करायचं, रजिस्ट्रेशन झालं की ४५ दिवसांत चार लाखांचा चेक, कंपनीच्या भाषेत कॅशबॅक. कागदावर का नाही विचारलं तर कारणं तयारच होती. आधी ज्यांनी ५१ नं घेतलंय ते अंगावर येतील, पुढच्या टॉवरचा रेट पडेल, शिवाय रेडी रेकनरच्या (सरकारनं त्या भागाला ठरवलेल्या दराच्या) खाली विकता येत नाही. आणि मग माझ्या फायद्याचं म्हणून, "सर, ॲग्रीमेंट व्हॅल्यू जास्त असली की लोनपण जास्त बसेल, खिशातले कमी घालावे लागतील."

पहिली दोन कारणं खरी होती, पण ती त्याची अडचण, माझी नव्हे. रेकनरचं तर धडधडीत खोटं. आमच्या भागाचा रेकनर या किमतीच्या कितीतरी खाली होता, आणि असता वर तरी विकायला बंदी नसते, स्टॅम्प ड्युटी रेकनरवर भरावी लागते आणि फरक मोठा असला तर इन्कम टॅक्सची भानगड होते, एवढंच. आणि इन्कम टॅक्सला किती फरक चालतो ती मर्यादासुद्धा केंद्रानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दहा टक्क्यांची वीस केली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ५१ लाख २० हजारातून सहा लाख ८० हजार पाडले या नशेत होतो. बायको पार्किंगमध्येच म्हणाली, "अहो, चार लाखांचं काहीतरी लिहून घ्या ना." मी म्हणालो, "अगं व्हॉट्सॲपवर घेतलंय." घेतलं होतं पण, "डोन्ट वरी सर, फोर लॅक्स डन" आणि पुढं अंगठा. तो अंगठा अजून मोबाईलमध्ये आहे.

दसऱ्याला ५१ हजार टोकन दिलं, मुहूर्त म्हणून. मग दहा टक्के भरा म्हणाले, भरले. (रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणं ॲग्रीमेंट नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, ते मात्र त्यांनी बरोबर पाळलं, कायद्यात जिथं पकडले जातील तिथं ही मंडळी फार सरळ वागतात.) आणि मग महिनाभर काहीच नाही. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट मागितला की "लीगलकडं आहे सर". २८ डिसेंबरला रात्री साडेनऊला मेलवर ७८ पानं इंग्रजी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ. का, तर ३१ ला सवलत संपते, रजिस्ट्रार ऑफिसला रांगा आहेत, चुकलं तर तुमचेच पैसे जातील. हीसुद्धा थापच. सही करून ३१ च्या आत ड्युटी भरली असती तर नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करता येत होती, तसं सरकारनं जाहीरही केलं होतं. मला वाचायला वेळ मिळू नये म्हणून ती घाई होती हे आता कळतं. मी नाव, फ्लॅट नंबर, कार्पेट, रक्कम एवढं तपासलं आणि सह्या ठोकल्या.

पुढचं तुम्हाला अंदाज आलाच असेल. ४५ दिवस झाले, मॅनेजर म्हणाला मार्च एंडिंग आहे. मार्च झाला, दुसरी लाट आली, तेव्हा माणसं मरत होती, मी तरी कुठल्या तोंडानं मागणार. जूनमध्ये म्हणाला पुढच्या स्लॅबच्या डिमांड लेटरमध्ये (बांधकामाच्या टप्प्याचे पैसे मागणारं पत्र) ॲडजस्ट करतो. डिमांड लेटर आलं, पूर्ण रकमेचं. ऑगस्टमध्ये फोन केला तर, "सर मी ती कंपनी सोडली, ऑफिसला बोला." ऑफिसला बोललो. नवीन मॅडम होत्या, अतिशय गोड बोलणाऱ्या, त्यांनी ॲग्रीमेंट उघडून मला एक कलम दाखवलं, की हा करार म्हणजेच दोघांमधला संपूर्ण करार, याआधीचं तोंडी-लेखी सगळं बोलणं रद्द. खाली माझीच सही. "सर, तुम्ही म्हणताय तो कॅशबॅक यात कुठंय?"

इथपर्यंत मी चार लाखांनाच रडत होतो. खरा धक्का दीड वर्षानं बसला. फ्लॅट ओनर्सच्या ग्रुपवर ओळखी झाल्या, त्यात माझ्या दोन मजले वरचे एक काका, एसटीतून रिटायर झालेले. सहज बोलता बोलता म्हणाले, मला ४४ लाख १० हजाराला पडला. मला वाटलं यांनापण कॅशबॅकच सांगितला असेल. तर म्हणाले, नाही, ॲग्रीमेंटच तेवढ्याचं आहे. विश्वास बसेना म्हणून नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमध्ये जाऊन इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा उतारा) काढला, फुकट बघता येतो तो. ४४ लाख १० हजार. तोच बिल्डर, तेवढंच कार्पेट, माझ्या आधी अकरा दिवस नोंदवलेला. म्हणजे "कागदावर खाली जाताच येत नाही" असं मला सांगितलं, आणि माझी सही व्हायच्या आधीच ते कागदावर खाली गेले होते.

काकांना विचारलं कसं काय जमवलं. ते म्हणाले, "मलापण कॅशबॅकचं सांगत होते की. मी म्हणलं, बाबा रे, मी तीस वर्षं तिकिटं फाडलीत, तिकिटावर जेवढा आकडा तेवढेच पैसे. करारात कमी कर नाहीतर मी चाललो." आणि ते खरंच गेले, मी गेलो तसं पार्किंगपर्यंत नाही, घरी गेले, पंधरा दिवस फोन उचलला नाही. मग बिल्डरच्या माणसांनीच बोलावलं.

त्यांच्या पुतण्यानं त्यांना अजून एक गोष्ट सांगून ठेवली होती ती मला कुणीच सांगितली नव्हती, आणि ही नीट वाचा. बांधकाम चालू असलेल्या घरावर एप्रिल २०१९ पासून जीएसटी पाच टक्के आहे, पण परवडणाऱ्या घरांना एकच टक्का. त्याची अट म्हणजे पार्किंग, इन्फ्रा वगैरे सगळं धरून किंमत ४५ लाखांच्या आत आणि आपल्या पुण्याला कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत. माझा फ्लॅट साडेएकोणसाठ चौरस मीटरचा, म्हणजे ती अट आरामात बसत होती. आता हिशोब करा. मी ४८ लाख ४० हजारावर पाच टक्क्यानं दोन लाख ४२ हजार जीएसटी भरला. तेच चार लाख ॲग्रीमेंटमध्ये कमी केले असते तर ४४ लाख ४० हजारावर एक टक्का, ४४ हजार ४०० रुपये. फरक एक लाख ९७ हजार ६००. वर स्टॅम्प ड्युटीचे १२ हजार. म्हणजे चार लाखांचा चेक अगदी वेळेवर मिळाला असता तरी मी दोन लाखांना बुडलोच होतो. तो आकडा मी तीनदा कॅल्क्युलेटरवर मारला, रात्री जेवलो नाही.

मग वकील गाठला. महारेरात तक्रारीची फी पाच हजार, ती काही फार नाही, आणि त्याआधी समेटासाठी त्यांचा मंच आहे तिथं जाता येतं. वकिलानं व्हॉट्सॲप बघितलं, म्हणाले, पुरावा आहे, अगदीच नाही असं नाही, पण मॅनेजरच्या पर्सनल नंबरवरून आहे, लेटरहेड नाही, कंपनी म्हणणार आमचा संबंध नाही. आणि मग त्यांनी चष्मा काढून जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "घराची खरी किंमत ४४ लाख ४० हजार ठरली होती असं तुम्ही म्हणता. मग बँकेला ४८ लाख ४० हजार दाखवून लोन घेतलंत ते काय?"

इथं मी थंड पडलो. लोन जास्त बसेल हा माझा फायदा म्हणून सांगितला होता ना, तोच फास होता. भांडायला गेलो तर आधी मलाच सांगावं लागणार की मी बँकेपासून परतीचे चार लाख लपवले. मॅनेजरला हे तेव्हाच माहीत असणार. ज्या सौद्यात दोघंही काहीतरी लपवतात त्यात गिऱ्हाईक ओरडत नाही. बाबांच्या बाजारात रुमालाखाली आकडा लपवतात खरा, पण तो दुसऱ्या व्यापाऱ्यापासून, आणि रुमाल निघाला की पैसे तिथल्या तिथं, बैल तिथल्या तिथं.

शेवटी तक्रार केली नाही. मे २०२४ मध्ये पझेशनच्या वेळी काका आणि अजून चौघं बरोबर घेऊन गेलो (चौघांपैकी दोघं माझ्यासारखेच कॅशबॅकवाले निघाले, एकाला तर सहा लाख सांगितलेले), तासभर आवाज चढवला, तेव्हा दोन वर्षांचा ॲडव्हान्स मेंटेनन्स आणि मीटरचे चार्जेस माफ केले. सगळं मिळून लाखाच्या थोडं आत. त्यावर "आता काही देणंघेणं नाही" अशी सही घेतली, या वेळी मात्र दोन पानी आणि मराठीत, आणि मी ते दोनदा वाचलं. वास्तुशांतीला बाबा आले, गॅलरीत उभं राहून विचारलं, "कितीला पडलं रं?" मी ४४ म्हणून सांगितलं.

आता तो सहकारी. त्याला चिखलीत एका साइटवर साडेतीन लाख कॅशबॅक सांगितलाय, रजिस्ट्रेशननंतर ६० दिवसांत. मी त्याला म्हणलं तू भांडू नको, अक्कल दाखवू नको, फक्त एवढंच विचार की हेच साडेतीन लाख ॲग्रीमेंटमधून कमी करता का, आणि नाही तर कॅशबॅकचं कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी देता का, मी ते बँकेला पण दाखवणार आहे. आणि ड्राफ्ट सात दिवस आधी हातात पाहिजे. त्यानं काल विचारलं. मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्ही आमच्यावर विश्वासच ठेवत नाही," आणि मालकांशी बोलायला आत गेला. पाऊण तास झाला तरी बाहेर आला नाही, म्हणून हा कॉफी पिऊन घरी आला.