वांद्र्यातलं पोर्तुगीज वाईन टेस्टिंग, जाऊन आले त्याबद्दल

गेल्या शनिवारी वांद्र्याला एका वाईन शॉपच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज वाईनचं टेस्टिंग होतं, मी आणि माझी मावसबहीण गेलो होतो, माणशी अडीच हजार, सहा ग्लास आणि थोडं खाणं. पैसे वसूल झाले. एक तक्रार आहे, ती पुढे सांगते.

आपल्याकडे पोर्ट म्हटलं की गोव्याहून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली गोड लाल बाटली. खरी पोर्ट फक्त पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची, त्या भागाची हद्द १७५६ सालीच आखलेली, आणि रस आंबत असतानाच मध्येच त्यात द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात, म्हणजे आंबणं तिथेच थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते, त्यामुळे गोडही लागते आणि अल्कोहोलही २० टक्क्यांच्या आसपास. आम्हाला टॉनी नावाची पोर्ट दिली, पिंपात मुरून चहाच्या रंगाची झालेली, वास थेट सुक्या अंजिराचा. छोटा घोट घ्यायचा आणि थांबायचं.

शिकवणारा मुलगा द्राक्षाच्या जातींवर छान बोलला. तिंता रोरीझ नावाचं द्राक्ष दक्षिणेला आलेंतेजोत गेलं की आरागोनेझ होतं आणि स्पेनमध्ये टेम्प्रानियो, माहेरी एक नाव सासरी दुसरं तसंच! बैराडा भागातलं बागा (हो, गोव्याच्या बीचसारखंच नाव) मात्र तुरट, जांभळं खाल्ल्यावर जीभ धरते ना, तसं.

आता तक्रार. रेड वाईन्स टेबलावर तशाच ठेवलेल्या, एसी नावापुरता, आणि विचारलं तर म्हणे रेड रूम टेंपरेचरलाच प्यायची. अहो, ते युरोपातल्या थंड घरांचं टेंपरेचर, १६-१८ डिग्री, मुंबईतली खोली तीसला असते. तोरीगा नासिओनाल या द्राक्षाच्या रेड वाईनच्या ग्लासात नुसता स्पिरिटचा भपकारा येत होता. मी बाटली बर्फाच्या बादलीत ठेवायला लावली, पंधरा मिनिटांनी परत ओतली तर तीच वाईन, पण आता फुलांचा वास, जांभळ्या फुलांचा, बहिणीने दोनदा ग्लास नाकाला लावला. एवढं साधं त्यांनी आधीच करायला हवं होतं, लोक एवढे पैसे भरून येतात.

सगळ्यात आवडली ती विन्यो वेर्द. नावात हिरवा आहे पण रंगाचा संबंध नाही, हिरवी म्हणजे कोवळी, लवकर प्यायची. वायव्येच्या पावसाळी भागातली, लोरेरो जातीची, हलकी, जिभेवर किंचित चुरचुरते आणि लिंबासारखी आंबट. एक बाटली घरी आणली, इंपोर्ट ड्युटीमुळे महागच पडते. रविवारी रवा लावून बोंबील तळले, बाटली चांगली थंड केली आणि प्रत्येक घासानंतर तोंडातलं तेल असं स्वच्छ निघून जात होतं की आईने, जी वाईनला हात लावत नाही, तिनेही अर्धा ग्लास मागून घेतला.