ग्वेनव्ह्यू: हिवाळाभर पक्ष्यांचे फोटो निवडल्यानंतर

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरआधी चांगला फोटो-व्ह्यूअर लागतो. हा अख्खा हिवाळा ग्वेनव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅमवर काढल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाचा हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि कुबुंटू या लिनक्स-प्रकारच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आपोआप येतो. मी तो जुन्याच लॅपटॉपवर वापरते.

पुण्यातले आम्ही हौशी लोक थंडीत भिगवणला जातो. उजनीच्या फुगवट्यावरून रोहित पक्ष्यांचा थवा उठला की बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा मारा, सुरूच राहतो आणि घरी आल्यावर कार्डात एकसारख्या फोटोंची रांग असते. ते एकेक करून मोठे बघत बसलं की दहाव्या फोटोनंतर नजर बोथट होते. थंबनेलमध्ये, म्हणजे फोटोच्या छोट्या प्रतीत, मात्र मांडणी आधी दिसते: पंख कुठे कापले गेलेत, पाण्याची रेघ कुठे तिरकी झालीय, मागे दुसऱ्या होडीचं टोक कुठे आलंय. डोळ्यावर फोकस आहे का, हे इथे कळत नाही आणि या टप्प्यावर कळायची गरजही नाही. मी खालच्या स्लायडरने थंबनेल बऱ्यापैकी मोठी करते आणि निम्मे फोटो इथेच बाद करते. उरलेल्यांतले दोन-चार एकत्र निवडले की ते शेजारी शेजारी उघडतात. सिंक्रोनाइझ चालू केलं, की एकावर झूम केल्यावर बाकीचेही तिथेच झूम होतात. मग चोच आणि डोळा ताडून बघायचा. ही एक सोय नसती तर मी हा प्रोग्रॅम केव्हाच सोडला असता.

रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) सुद्धा झटकन दिसतात, कारण कॅमेऱ्याने रॉच्या पोटातच एक जेपेग, म्हणजे तयार फोटो, ठेवलेलं असतं आणि तेच दाखवलं जातं. म्हणून सिंहगडाच्या दरीतल्या झाडीत काढलेला स्वर्गीय नर्तक थंबनेलमध्ये काळवंडलेला दिसला, तर घाईने उडवू नका. सावलीतला बराच तपशील मूळ रॉमध्ये शाबूत असतो.

आता कॅशेबद्दल, म्हणजे तयार झालेली थंबनेल साठवायच्या जागेबद्दल, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. लिनक्सवर थंबनेल होम फोल्डरमधल्या .कॅशे/थंबनेल्स (.cache/thumbnails) या फोल्डरमध्ये साठतात, मुख्यतः १२८ आणि २५६ पिक्सेलच्या चौकटीत. ५१२ आणि १०२४ हे आकार नंतर आले. प्रत्येक थंबनेलचं नाव मूळ फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून बनतं. त्यामुळे फोल्डरचं नाव बदललं की सगळी थंबनेल पुन्हा तयार होतात, आणि जुनी तशीच जागा अडवून बसू शकतात. आधी फोल्डरला नाव द्या, मग उघडा.

शिवाय, कोणाचा पेनड्राइव्ह लावून लग्नाचे फोटो पाहिले, तर पेनड्राइव्ह काढल्यावरही त्यांची थंबनेल तुमच्या मशीनवर राहू शकतात. लॅपटॉप विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर ते फोल्डर आठवणीने रिकामं करा. बाहेर पडताना कॅशे पुसायची सोय ग्वेनव्ह्यूच्या सेटिंगमध्ये आहे, पण तिने इतर प्रोग्रॅमनी बनवलेली थंबनेलही जातात.

वर्षानुवर्षांचा साठा पक्ष्यांच्या नावाने लावून ठेवायचा असेल तर केडीईचाच डिजिकॅम घ्या, त्याचा स्वतःचा डेटाबेस असतो. निवडून ठेवलेले फोटो मी तिकडे लावते. आणि कार्डातून उतरलेला ढीग आधी ग्वेनव्ह्यूतच उघडते.