‘पाना घरी राहिला’ म्हणणाऱ्याकडून जुनी इनलाइन बंदूक घेऊ नका

ओहायो, इंडियाना, मिशिगन या भागात राहणारी आणि हरणाच्या शिकारीला जायला लागलेली आपली बरीच माणसं आता ओळखीची झाली आहेत. त्यांतल्या अनेकांची पहिली बंदूक ठासणीचीच असते आणि ती बहुतेकदा जुनी, कोणाकडून तरी घेतलेली असते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एका माणसाने मला १८० डॉलरला विकलेली पन्नास कॅलिबरची इनलाइन बंदूक ‘थोडी वापरलेली, नळी आतून आरशासारखी’ अशी जाहिरातीत होती. प्रत्यक्षात तिची नळी फुगलेली होती. ती माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर फुटू शकली असती. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्या माणसाला हे ठाऊक होतं आणि तरी त्याने ती विकली, याचा राग अजून जात नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासायची. जुन्या पद्धतीच्या बंदुकीत ठिणगी बाजूने आत जाते. इनलाइनमध्ये प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, दारूच्या थेट मागे, नळीच्याच रेषेत असतो. मिसुरीच्या टोनी नाइट यांनी १९८५ साली एमके-८५ बाजारात आणली आणि तिथून हा प्रकार शिकाऱ्यांमध्ये पसरला. आता बहुतेक इनलाइनमध्ये शॉटगनच्या काडतुसाचा २०९ प्रायमर लागतो. नळीचं मागचं तोंड एका आट्यांच्या बुचाने बंद केलेलं असतं, त्याला ब्रीच प्लग म्हणतात. बार उडतो तेव्हा मागे येणारा सगळा दाब हा प्लग आणि त्याचे आटे झेलतात. म्हणून जुन्या इनलाइनची खरी किंमत प्लगमध्ये आणि नळीच्या आतल्या भागात असते. दस्ता, रंग, पट्टा, स्कोप हे सगळं नंतर बदलता येतं.

ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवसांचा ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. बाकीचा हंगाम कामात निघून गेलेल्यांना तो मोठा आधार असतो. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात जुन्या इनलाइनच्या जाहिराती वाढतात आणि घेणाराही घाईत असतो. त्यात कायद्याची एक बाजू आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार, जिच्यात काडतूस बसूच शकत नाही अशी काळ्या दारूवर चालणारी ठासणीची बंदूक ‘फायरआर्म’ धरली जात नाही. (थॉम्पसन/सेंटर कंपनीच्या एन्कोरसारख्या, काडतुसाची नळीही बसवता येणाऱ्या फ्रेमला ही सवलत नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियमही याहून कडक आहेत, न्यू जर्सी त्यातलं एक, तेव्हा आपल्या राज्याचा नियम आधी वाचा.) म्हणजे संघीय कायद्याच्या दृष्टीने या व्यवहारात ना परवानाधारक दुकानदार मध्ये लागतो, ना घेणाऱ्याची तपासणी, ना नोंद. प्रामाणिक माणसाला हे सोयीचं आहे. फसवणाऱ्यालाही तितकंच सोयीचं आहे, कारण तो कुठल्याही कागदावर येत नाही.

हा माणूस इंडियानातला होता. हायवेजवळच्या एका पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाला. बोलायला गोड, वयस्कर. आपल्या नातीला शिकार शिकवल्याच्या गोष्टी सांगत होता. बंदूक बाहेरून खरोखर सुरेख होती. वर स्कोप बसवलेला, ‘तो असाच देतो, वेगळे पैसे नकोत’ म्हणाला. ‘ही हलकी आहे, तुमच्यासारख्या बाईला बरी पडेल,’ हेही सांगून झालं. मी प्लग काढून नळीतून आरपार बघायचंय म्हटलं. त्यावर तो हसून म्हणाला, ‘पाना घरी राहिला. आणि आत साठवणीचं ग्रीस भरलंय, ते कशाला बिघडवता?’ मग त्याने स्वतःच फोनचा टॉर्च नळीच्या तोंडाशी धरला. दिसला तेवढा भाग लखलखीत होता, गोळीला फिरकी देणाऱ्या चरांच्या कडाही धारदार. पैसे रोख हवे होते. पावती मागितली तर म्हणाला, ‘यात कोण पावती देतं?’

घरी आणल्यावर प्लग हलेना. योग्य मापाचा पाना आणला, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, तरी तो तसूभर फिरला नाही. जोर वाढवला तर प्लगचे कोपरे झिजतील हे दिसत होतं, म्हणून थांबले आणि ती गावातल्या एका जुन्या गनस्मिथकडे नेली.

तिथे जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण यातलं जवळजवळ सगळं घेण्याआधी करून बघता येतं.

त्याने सगळ्यात आधी गज नळीत सोडला, तोंडाशी त्यावर बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघितला. गज प्लगपर्यंत पोचत असेल तर बंदूक रिकामी. दोन-तीन इंच आधीच अडत असेल तर आत कोणाची तरी जुनी भरलेली दारू आणि गोळी बसली आहे असंच समजायचं. जुन्या ठासणीच्या बंदुका कधीकधी भरलेल्या अवस्थेतच विकल्या जातात, हे त्याने अनेकदा पाहिलं होतं. कोणाच्याही हातातून ठासणीची बंदूक घेताना हे पहिलं काम, प्रायमर असो वा नसो.

मग त्याने कापडाची घट्ट बसणारी चिंधी गजाला लावून हळूहळू आत ढकलली. ग्रीस बाहेर येत गेलं, आधी पिवळसर, मग विटकरी. म्हणजे गंज. गज मला धरायला दिला. सुरुवातीला एकसारखा घट्ट रेटा लागत होता, आणि एका जागी चिंधी एकदम सैल पडली. पुढे गेल्यावर पुन्हा घट्ट. ‘ही जागा लक्षात ठेवा,’ तो म्हणाला. त्याने स्कोप काढला. स्कोपच्या पुढच्या रुंद तोंडाखाली, अगदी त्याच जागी नळीवरून बोट फिरवलं की बारीकसा उंचवटा लागत होता. डोळ्याला तो दिसत नव्हता. पोलादी पट्टी नळीवर लांबीच्या दिशेने ठेवली तेव्हा तिच्याखालून दोन्ही बाजूंनी उजेड आला. फुकट दिलेला स्कोप तिथे का होता ते मला तेव्हा कळलं.

असा फुगवटा बहुतेकदा गोळी दारूवर पूर्ण टेकवली नाही की येतो. नळी घाण असते, गोळी अर्ध्यात अडकते, माणूस तसाच बार काढतो. दारू आणि गोळी यांच्यात राहिलेल्या पोकळीमुळे गोळीपाशी दाब एकाएकी चढतो आणि पोलाद ताणलं जातं. एकदा ताणलेलं पोलाद पुढच्या बाराला किती टिकेल, हे कोणीही सांगू शकत नाही. या बंदुकीचा दुसरा बार काढायचा नाही, असं तो स्पष्ट म्हणाला.

प्लग शेवटी उष्णता देऊन निघाला, पण आट्यांचे तुकडे घेऊनच. पायरोडेक्ससारख्या दारूच्या राखेत क्षार उरतात, ते हवेतला ओलावा ओढतात. ओहायोच्या दमट उन्हाळ्यात न धुतलेली नळी फार लवकर सडते. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची दारू त्या मानाने पुष्कळ सौम्य, पण साफसफाई तिलाही चुकत नाही. प्रत्येक वेळी प्लग काढून, धुऊन, आट्यांना ग्रीस लावून परत बसवायचा असतो. या बंदुकीला ते कित्येक वर्षांत कोणी केलेलं नव्हतं. आता नळीतून आरपार बघता आलं. मागचा अर्धा भाग गंजाच्या खड्ड्यांनी भरलेला, मध्ये फुगवट्याची काळी कडी. आणि तोंडाजवळचे चारेक इंच स्वच्छ. ते मुद्दाम घासून चकचकीत केल्याचे ओरखडे भिंगातून दिसत होते. टॉर्चचा उजेड जिथवर पोचतो, तेवढंच घासलं होतं.

कोणी म्हणेल, त्या म्हाताऱ्याला आतलं माहीत नसेल. मलाही तसं मानायला आवडलं असतं. पण आमच्या मराठी मंडळातले एक काका बरीच वर्षं शिकार करतात, त्यांना फोटो पाठवले तेव्हा त्यांनी दस्त्यावरचा एक ओरखडा ओळखला. तीच बंदूक, त्याच विक्रेत्याच्या नावाने, उन्हाळ्यात ‘सुट्या भागांसाठी, प्लग अडकलेला’ अशा शब्दांत आणि माझ्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीला जाहिरातीत होती. काकांनी तेव्हा दस्त्यासाठी ती जाहिरात जपून ठेवली होती. तेव्हा तिच्यावर स्कोप नव्हता.

त्या जुन्या जाहिरातीचं चित्र मी विक्रेत्याला पाठवलं. आधी उत्तर आलं, ‘मग तुम्ही चुकीचा पाना वापरला असणार.’ नंतर, ‘जशी आहे तशी विकली होती.’ नंतर काहीच नाही. वकील असलेल्या मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली ती सर्वांना उपयोगी आहे. घरगुती विक्रेत्यावर दुकानदारासारखी मालाच्या दर्जाची आपोआप येणारी हमी लागू होत नाही. पण त्याने लिहून केलेलं वर्णन, ‘नळी आरशासारखी, सगळं चालतं’, ही त्याने दिलेली हमीच ठरू शकते, विक्रेता साधा माणूस असला तरी. म्हणून जाहिरात आणि सगळे निरोप पैसे देण्याआधीच जपून ठेवा, नंतर ते पुसले जातात. माझ्याकडे ते होते, पण तो दुसऱ्या राज्यात, दिलेलं नाव खरं की खोटं माहीत नाही, आणि रोख रकमेला पुरावा नाही. १८० डॉलरसाठी इंडियानाच्या कोर्टाच्या फेऱ्या मला परवडणाऱ्या नव्हत्या. अशा माणसांचा सगळा हिशेब याच्यावरच चालतो.

कमी पैशात चांगली जुनी इनलाइन मिळतच नाही असं अजिबात नाही. त्याच हंगामात मी दुसरी घेतली, हाताने फिरवून निघणाऱ्या प्लगची. विकणाऱ्या बाईंनी मी न सांगता प्लग काढून नळी माझ्या हातात दिली. स्वस्तात घेणाऱ्याने असाच प्लग असलेलं मॉडेल बघावं, कारण मग पाना विसरल्याची सबबच उरत नाही. सुटे भाग मिळतात का तेही आधी विचारा. २०२१ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपली थॉम्पसन/सेंटर ही बंदुकांची कंपनी विकायला काढली, तेव्हा तिच्या उत्तम बंदुका बाळगणारेही प्लग आणि बारीकसारीक भाग गोळा करायला धावले होते. सीव्हीए कंपनीची फार जुनी बंदूक स्वस्तात मिळत असेल तर तिचा क्रमांक बघितल्याशिवाय हात लावू नका. १९९७ मध्ये कंपनीने आपल्या इनलाइन रायफली परत बोलावल्या होत्या. ज्यांच्या क्रमांकाचा शेवट ९५ किंवा ९६ ने होतो त्या वापरायच्या नाहीत, अशी ती सूचना आहे. असे नग अजूनही लोकांच्या कपाटांतून बाहेर येत असतात.

आणि आधीच्या मालकाने त्यात धूर न करणारी, काडतुसाची दारू भरून बघितली होती का, हे सरळ विचारा. साध्या इनलाइन त्या दाबासाठी बनवलेल्याच नसतात. उत्तर देताना माणूस चाचरला तर तिथूनच परत फिरा.

भेटायला जाण्याआधी मी आता विक्रेत्याला एवढाच निरोप पाठवते: ‘प्लग काढलेल्या, कोरड्या पुसलेल्या नळीचा मागून उजेड धरून काढलेला फोटो पाठवा. भेटीच्या वेळी प्लग माझ्यासमोर काढा, मी चिंधी आणि गज घेऊन येते. स्कोप आधी उतरवून ठेवा. पावतीवर तुमचं नाव, बंदुकीचा क्रमांक आणि नळीची स्थिती लिहून द्या.’ ज्यांची बंदूक चांगली आहे ते दहा मिनिटांत फोटो पाठवतात.

फुगलेली नळी मी गनस्मिथकडे करवतीने तीन ठिकाणी कापून घेतली. दस्ता आणि चापाचे भाग काकांनी घेतले. स्कोप मी कोणाला दिला नाही, त्याची काच आतून धुरकटलेली निघाली.